अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा : एक अभ्यासविषय

बाळंतपणाच्या वेळी करावयाची मदत ही शिकून करण्याची गोष्ट आहे, हे आता खेडोपाडी मान्य झाले आहे. सुईणींना प्रशिक्षण देण्यात आले, प्रसूतिगृहे निघाली, परिचारिका गावोगाव पोहोचल्या आणि बाळंतपणात दगावणाऱ्या माता व बालके यांचे प्रमाण घटले. माणसाच्या अखेरच्या दिवसांत करावयाच्या मदतीविषयी मात्र असा विचार अजून फारसा रुजलेला नाही. "आता औषधांचा उपयोग नाही, रुग्णास घरी न्या," असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे करण्यासारखे काही उरले नाही, असा घरच्या मंडळींचा समज होतो. वास्तविक तेथून पुढेही करण्यासारखे पुष्कळ असते. वेदना शमविता येते, धाप कमी करता येते, जखमेची दुर्गंधी घालविता येते, रुग्णाच्या मनातील भीती ऐकून घेता येते आणि मागे राहणाऱ्यांना आधार देता येतो. या गोष्टी केवळ दयाबुद्धीने साधत नाहीत. त्या शिकाव्या लागतात.

गेल्या सुमारे साठ वर्षांत या ज्ञानाची एक स्वतंत्र शाखा निर्माण झाली असून ती आता पदव्युत्तर स्तरावर शिकविली जाते. वैद्यक क्षेत्रात तिला 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. मराठीत तिला उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. या शाखेत काय शिकवितात, ती आपल्या देशात कशी आली आणि खेड्यातील कुटुंबाशी तिचा संबंध काय, याची माहिती येथे दिली आहे.

विषयाचा उगम

या शाखेचा पाया इंग्लंडमधील डॉ. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांनी घातला. त्या प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ साली कर्करोगाने मृत्युपंथास लागलेल्या डेव्हिड टास्मा या पोलिश निर्वासिताशी त्यांचा परिचय झाला. अशा रुग्णांसाठी एखादे वेगळे ठिकाण असावे, याविषयी दोघांचे बोलणे होत असे. त्या रुग्णाने मृत्युसमयी आपली ५०० पौंडांची पुंजी त्या भावी वास्तूच्या एका खिडकीसाठी म्हणून त्यांच्या स्वाधीन केली. मरणोन्मुख रुग्णांकडे डॉक्टरच पाठ फिरवितात, तेव्हा त्यांच्यासाठी काही करावयाचे तर स्वतः डॉक्टर व्हावे, असा सल्ला साँडर्स यांना मिळाला. तो मानून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व १९५७ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या.

त्यानंतर लंडनमधील एका धर्मादाय शुश्रूषागृहात त्यांनी अशा हजाराहून अधिक रुग्णांच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. रुग्ण वेदनेने विव्हळू लागल्यावर औषध देण्यापेक्षा वेदना परत येण्यापूर्वीच घड्याळ लावून ते द्यावे, म्हणजे ती डोके वर काढीत नाही, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस ही संस्था सुरू केली. शुश्रूषा, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच छताखाली व्हावीत, हा तिचा विशेष होता. 'संपूर्ण वेदना' ही कल्पनाही साँडर्स यांचीच. शरीराची पीडा, मनाची व्यथा, कुटुंबाची व पैशाची विवंचना आणि 'हे माझ्याच वाट्याला का?' हा आध्यात्मिक प्रश्न, या चारही गोष्टी मिळून रुग्णाची वेदना बनते. त्यांपैकी एकीवरच उपचार केला तर उरलेल्या तिन्ही तशाच राहतात.

याच सुमारास अमेरिकेत शिकागो येथे डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ मरणोन्मुख रुग्णांशी विद्यार्थ्यांसमक्ष संवाद साधीत होत्या. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात नकार, क्रोध, घासाघीस, विषाद आणि स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या आहेत. प्रत्येक माणूस या पाच पायऱ्या क्रमाने चढतो, असा त्याचा अर्थ पुढे घेतला गेला. तसा ठराविक क्रम नसतो, हे नंतरच्या अभ्यासातून दिसून आले. तथापि, मरणाऱ्या माणसाला विचारावे आणि त्याचे ऐकावे, तोच या विषयातील पहिला शिक्षक आहे, ही दृष्टी क्युब्लर-रॉस यांनी दिली.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील शल्यचिकित्सक डॉ. बाल्फोर माउंट यांनी १९७५ साली आपल्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी विभाग उघडला आणि त्यास 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव दिले. या शब्दाच्या मुळाशी 'पांघरूण' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. थंडी घालविता आली नाही तरी कुडकुडणाऱ्यावर पांघरूण घालता येते, हा त्यातील भाव आहे. १९८७ साली ब्रिटनमध्ये या शाखेस स्वतंत्र वैद्यकीय विशेषज्ञतेची मान्यता मिळाली.

अभ्यासक्रमात काय शिकवितात

या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाचे दोन प्रवाह आहेत. पहिला वैद्यकाचा. त्यात डॉक्टर व परिचारिका यांना रुग्णाची प्रत्यक्ष शुश्रूषा शिकविली जाते. दुसरा प्रवाह मानव्यविद्यांचा. त्यात समाजशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, धर्म व कायदा या अंगांनी मृत्यूचा विचार होतो. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाने २००५ साली 'मृत्यू आणि समाज' या विषयासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. ग्लासगो विद्यापीठाने अखेरच्या काळाच्या अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरशिक्षणाने सुरू केला. अशा वर्गांत परिचारिका, धर्मोपदेशक, वकील, शिक्षक व समाजसेवक एकत्र शिकू शकतात.

वैद्यकीय भागात वेदनाशमनास पहिले स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मध्यम वेदनेस कोडीनसारखी औषधे आणि तीव्र वेदनेस मॉर्फिन, असा हा क्रम आहे. औषध शक्य तोवर तोंडाने द्यावे आणि वेळ ठरवून द्यावे, हे त्यातील मुख्य सूत्र होय. साधे मॉर्फिन साधारणपणे दर चार तासांनी द्यावे लागते. त्याने बद्धकोष्ठ होते, म्हणून त्याच्या जोडीला सारक औषध सुरू करतात. योग्य मात्रेत व देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होतो किंवा त्याचे मरण लवकर ओढवते, ही समजूत निराधार आहे. या समजुतीमुळे मात्र असंख्य रुग्ण विनाकारण तळमळत राहिले आहेत.

वेदनेखेरीज इतर अनेक त्रासांवरही साधे उपाय शिकविले जातात. धाप लागलेल्या रुग्णास आडवे न निजविता उशांच्या आधाराने बसते करावे, चेहऱ्यावर वारा येईल अशी व्यवस्था करावी. कर्करोगाच्या उघड्या जखमेस दुर्गंधी येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोल या स्वस्त गोळीची पूड जखमेवर वापरतात. तेवढ्यानेही दुर्गंधी कमी होते आणि दूर गेलेले नातेवाईक पुन्हा रुग्णाजवळ बसू लागतात. अखेरच्या काही दिवसांत भूक-तहान मंदावते. त्या वेळी बळेच भरविल्याने घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रुग्ण जेवत नाही म्हणून तो मरत नसतो; शरीराचे कार्य थांबत आल्यामुळे त्यास अन्न नकोसे होते. ही गोष्ट समजली म्हणजे 'आम्ही त्याला उपाशी ठेवले' हा सल कुटुंबाच्या मनात राहत नाही. ओठ व तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे, हात हातात घेणे हे त्या वेळचे खरे उपचार होत.

सत्य सांगावे की लपवावे

या अभ्यासातील सर्वांत अवघड धडा बोलण्याचा आहे. आपल्याकडे रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ डॉक्टरांना बाजूला घेऊन "त्यांना काही सांगू नका" अशी विनंती करतो. त्यामागे प्रेमच असते. परंतु त्याचा परिणाम काय होतो, हे बार्नी ग्लेझर व अँसेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील रुग्णालयांत पाहणी करून १९६५ साली मांडले. त्यांनी चार स्थिती वर्णिल्या आहेत. पहिलीत सर्वांना ठाऊक असते, केवळ रुग्णास नसते. दुसरीत रुग्णास संशय येतो. तिसरीत रुग्णासह सर्वांनाच ठाऊक असते, पण ठाऊक नसल्याचा बहाणा प्रत्येकजण करतो. चौथीत सारे उघडपणे बोलतात. यांपैकी तिसरी स्थिती आपल्या कुटुंबांत नित्य आढळते. तीत रुग्ण माणसांच्या गर्दीत एकटा पडतो. जमिनीची वाटणी, मुलीचे लग्न, कोणाची क्षमा मागणे, कोणाला भेटणे ही कामे मनातच राहतात.

यासाठी विद्यार्थ्यांना संवादाची पद्धत शिकविली जाते. एकांताची जागा निवडावी, रुग्णास आधीच किती कळले आहे ते विचारावे, त्यास किती जाणून घ्यावयाचे आहे ते पाहावे, साध्या शब्दांत थोडे थोडे सांगावे, त्याच्या अश्रूंना वेळ द्यावा आणि शेवटी पुढे काय करावयाचे ते दोघांनी मिळून ठरवावे. सत्य सांगणे म्हणजे निकाल ऐकविणे नव्हे. ज्यास ऐकावयाचे नाही त्याच्यावर ते लादूही नये. मात्र ज्यास विचारावयाचे आहे त्याच्या प्रश्नाला खोटे उत्तर मिळू नये, हा या शिक्षणाचा आग्रह आहे.

शोक आणि संस्कार

मृत्यूबरोबर हा अभ्यास संपत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबेर हर्ट्झ यांनी १९०७ साली बोर्निओतील दायाक जमातीच्या दुहेरी अंत्यविधीविषयी निबंध लिहिला. मृत्यू ही एका क्षणाची घटना नसून समाजाच्या दृष्टीने तो काही काळ चालणारा प्रवास असतो, आणि तेवढ्या काळात मागे राहिलेल्यांनाही नव्या स्थितीत पाऊल टाकावयाचे असते, असे त्यांनी दाखविले. आपल्याकडील सुतक, दहावा, तेरावा व वर्षश्राद्ध, ख्रिस्ती समाजातील सातव्या दिवसाची व महिन्याची मीस, मुस्लिम समाजातील चाळिसावा या प्रथांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतील सामाजिक शहाणपण ध्यानी येते. शोकग्रस्त घरात चूल पेटविण्याची जबाबदारी शेजाऱ्यांनी घेणे ही शुश्रूषाच आहे.

नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोबे व हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेल्या विचारानुसार शोकाकुल माणूस दुःखाकडे आणि दैनंदिन कामाकडे आलटून पालटून वळत असतो. म्हणून विधवेने आठव्या दिवशी शेतावर जावे यात निष्ठुरता नाही आणि सहा महिन्यांनी तिला रडू कोसळावे यात दुबळेपणा नाही. ही जाण शिक्षकांसही उपयुक्त आहे. वडील वारलेला विद्यार्थी वर्गात खेळताना दिसला, म्हणजे तो दुःख विसरला असे समजू नये.

अफूचा देश आणि मॉर्फिनची टंचाई

मॉर्फिन अफूपासून मिळते, आणि औषधासाठी अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच, तसेच राजस्थान व उत्तर प्रदेश यांतील काही जिल्ह्यांत परवाना घेऊन ही शेती होते. नीमच व गाझीपूर येथे अफूचे सरकारी कारखाने आहेत. या अफूतून परदेशांतील रुग्णांची वेदना शमत असताना माळव्याच्या शेजारचाच कर्करोगी वेदनेने तळमळत राही, अशी विसंगती दीर्घकाळ होती.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात मॉर्फिनसाठी अनेक परवाने आवश्यक ठरले व शिक्षा कडक करण्यात आल्या. त्या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटून १९९७ साली तो अवघा १८ किलोग्रॅमच्या आसपास आला. डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने मॉर्फिन न हाताळताच पदवी घेतली. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकसारखे नियम आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकच परवाना, अशी व्यवस्था करण्यात आली. कायद्याची अडचण अशा रीतीने बरीच दूर झाली. उरली ती मुख्यतः शिक्षणाची. औषध कपाटात असून ते लिहून देणारा शिकलेला हात नसेल, तर रुग्णाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक शुश्रूषेची गरज असते व त्यांपैकी केवळ १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मिळते. वंचित राहणाऱ्यांत गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील लोकच बहुसंख्य आहेत.

भारतातील शिक्षण

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केले. पुढे गोव्यात लोटली येथे व दिल्लीत त्याच्या शाखा निघाल्या. १९९३ साली केरळात कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांचे सहकारी यांनी वेदनाशमनाचे काम आरंभिले. १९९४ साली या क्षेत्रातील मंडळींची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ साली शुश्रूषा व प्रशिक्षण यांचे केंद्र सुरू झाले. हैदराबादच्या एम. एन. जे. कर्करोग संस्थेतही या कामाचा मोठा विस्तार झाला आहे.

२०१० साली उपशामक वैद्यक हा विषय एम.डी. पदवीसाठी मान्य झाला आणि २०१२ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात हा अभ्यासक्रम सुरू झाला. नंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनेही तो सुरू केला. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचा हा अभ्यास असून विद्यार्थ्यास बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग आणि रुग्णाचे घर या तिन्ही ठिकाणी काम करावे लागते, तसेच प्रबंधही सादर करावा लागतो. २०१९ पासून एम.बी.बी.एस. च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद, वैद्यकीय नीती व मृत्यूला सामोरे जाणे या घटकांचा समावेश झाला आहे. ज्यांना तीन वर्षे देणे शक्य नाही अशा डॉक्टर व परिचारिकांसाठी अखिल भारतीय संघटनेचा अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे.

तज्ज्ञांची संख्या कितीही वाढली तरी प्रत्येक गावी तज्ज्ञ पोहोचणार नाही. यावर केरळने तोड काढली. तेथे शेजारपाजाऱ्यांचे जाळे उभारण्यात आले. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणाऱ्या स्वयंसेवकास सुमारे १६ तासांचे वर्ग व चार दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव, एवढे शिक्षण दिले जाई. शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी, दुकानदार या कामात उतरले. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरण जाहीर केले व पंचायतींनी घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची सोय केली. महाराष्ट्राने २०१२ साली आपले धोरण आखले. पदव्युत्तर शिक्षणाचे खरे प्रयोजन येथे दिसते. एक शिकलेला डॉक्टर अनेक परिचारिकांना शिकवितो, त्या परिचारिका स्वयंसेवकांना शिकवितात आणि ते ज्ञान अखेर एखाद्या घरातील सुनेच्या हाती पोहोचते.

कायदा काय सांगतो

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी आजारपणात अन्न व औषध नाकारून देह ठेवला, तेव्हा उपचार नाकारण्याचा माणसास अधिकार आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघर चर्चिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली अरुणा शानभाग प्रकरणात आणि पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाच्या निर्णयात याचा विचार केला. सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांनी आयुष्य लांबविण्यास नकार देता येतो आणि तशी इच्छा आधी लिहून ठेवता येते, असे न्यायालयाने म्हटले. औषध टोचून मरण आणणे मात्र गुन्हाच आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही कार्यपद्धती सुलभ केली. त्यानुसार सज्ञान व सुबुद्ध व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष असे इच्छापत्र करू शकते. ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून साक्षांकित करून घ्यावे. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक वा अधिक विश्वासू व्यक्तींची नावे त्यात लिहावीत. इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवावयाची असते. त्याचा अंमल करण्यापूर्वी रुग्णालयातील व त्यानंतरचे दुसरे, अशा दोन वैद्यकीय मंडळांचे मत घेतले जाते. इच्छापत्र केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या वास्तूत झालेल्या कार्यक्रमात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी राज्यातील असे पहिले इच्छापत्र नोंदविले. कर्नाटक सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये या निर्णयाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला.

गावपातळीवरील कर्तव्य

आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या बारा प्रकारच्या सेवांत वृद्धांची काळजी व उपशामक शुश्रूषा यांचा समावेश आहे. गावात अंथरुणास खिळलेला रुग्ण असल्यास त्याची माहिती आशा कार्यकर्तीस किंवा जवळच्या आरोग्य केंद्रास द्यावी व ही सेवा मागून घ्यावी. रुग्ण वेदनेची तक्रार करीत असेल तर ती 'दुखण्याचा भाग' म्हणून सोडून देऊ नये. पंचायतींनी व नगरपालिकांनी इच्छापत्रांच्या प्रती स्वीकारणारा अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या फलकावर लिहावे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना आजारी शेजाऱ्यास वर्तमानपत्र वाचून दाखविणे, औषध आणून देणे अशा कामांची गोडी लावावी. विज्ञान व परिचर्या शाखांकडे वळणाऱ्या मुलामुलींना या नव्या विषयाची माहिती द्यावी.

मृत्यू टाळणे कोणत्याही विद्येच्या आवाक्यात नाही. वेदना, खोटेपणा आणि एकाकीपणा यांपैकी पुष्कळ भाग मात्र टाळता येण्याजोगा आहे, आणि तो कसा टाळावा हे आता शिकता येते. सुईणीचे ज्ञान जसे एके काळी पुस्तकांतून व वर्गांतून पुन्हा गावात आले, तसे हे ज्ञानही गावात आले पाहिजे. तसे झाले म्हणजे रुग्णास घरी नेण्याचा सल्ला मिळालेल्या कुटुंबास, घरी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी काय करावे आणि कोणास बोलवावे, हे ठाऊक असेल.